पुण्याची हद्दवाढ : आराखडा कोण ठरवतं आणि पाणी कुठून येणार?

मुठाकाठ

जानेवारी २०२६ मध्ये अखेर पुणे महापालिकेची निवडणूक झाली. आधीच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती. तेव्हापासून पावणेचार वर्षं मुख्य सभाही प्रशासकाची आणि स्थायी समितीही प्रशासकाचीच. अंदाजपत्रकं त्यांनीच मांडली, त्यांनीच मंजूर केली. मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे, असं राज्यघटनेचं कलम २४३ यू सांगतं. तरी ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात वर्षं गेली आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांची मुदत घातल्यावर चक्रं हलली. आता १६५ नगरसेवक निवडून आले आहेत. त्यांच्यासमोर पहिला प्रश्न पाण्याचा आणि गावांचा यायला हवा असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा. पक्षांची नावं घेऊ नका अशी विनंती. सत्तेवर येऊन गेलेल्या सगळ्यांचाच यात वाटा आहे.

ज्यांना मागचं माहीत नाही त्यांच्यासाठी: ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं पालिकेत आली (लोहगाव, उंड्री, धायरी, दोन्ही आंबेगावं, शिवणे वगैरे). ३० जून २०२१ ला आणखी २३ आली : वाघोली, मांजरी, नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक, पिसोळी आणि बाकीची. पुण्याची हद्द ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेली आणि क्षेत्रफळात हे शहर मुंबईपेक्षा मोठं झालं.

गाव पालिकेत आलं की ग्रामपंचायत त्याच दिवशी बरखास्त होते. पहिल्या ११ गावांना पोटनिवडणुकीत मिळून दोन नगरसेवक तरी मिळाले होते. नंतरच्या २३ गावांना २०२१ पासून जानेवारी २०२६ पर्यंत एकही मिळाला नाही. साडेचार वर्षं! मधल्या काळात राज्य सरकारने समाविष्ट गावांसाठी समिती नेमली, पण तिच्यावर कोण बसणार हे गावांनी ठरवलं नव्हतं.

त्यातच जुलै २०२१ मध्ये या २३ गावांच्या नियोजनाचं काम सरकारने पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) दिलं. मिळकतकर पालिकेकडे, बांधकामाची परवानगी पीएमआरडीएकडे, धरण जलसंपदा विभागाकडे आणि नळ कोरडा आला तर कुणाकडे जायचं, याचं उत्तर कुणाकडेच नाही, अशी वाटणी झाली. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं भांडून २०२४ मध्ये बाहेर पडली आणि त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. करवाढीचा राग होताच, पण शहराचा कचरा वर्षानुवर्षं सोसूनही सुविधा मिळत नाहीत ही त्यांची खरी तक्रार होती.

आता पाणी. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांचा उपयुक्त साठा मिळून २९.१५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट). याच पाण्यावर हवेली, दौंड, इंदापूरची शेती आहे. पालिका वर्षाला २० टीएमसीच्या पुढे पाणी उचलते आणि जलसंपदा विभाग मंजूर कोटा त्याहून बराच कमी धरतो. हा तंटा दरवर्षी होतो. पूर्व भागासाठी जानेवारी २०२१ पासून भामा आसखेडचं पाणी सुरू झालं, त्याचा कोटा २.६७ टीएमसी. पुढे काय? मेट्रोच्या दुतर्फा वाढीव एफएसआय (भूखंडाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येतं ते), रिंगरोड, त्याला लागून नगररचना योजना हे सगळं मंजुरीच्या वाटेवर आहे. या प्रत्येक निर्णयात माणसं किती वाढणार हे धरलेलं असतं. त्या माणसांचं पाणी कुठल्या धरणातून आणि कुणाच्या वाट्यातून येणार, हे मला एकाही कागदात सापडत नाही.

तुम्हाला काय माहीत आहे ते लिहा.

---

नऱ्ह्याची_सून

ताई की दादा माहीत नाही, पण धागा काढल्याबद्दल आभार.

जानेवारी २०२५ आमच्या भागातलं कुणी विसरणार नाही. गीयाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण निघाले ते मुख्यतः सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यातले. नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यातली नावं तेव्हा रोज बातम्यांत होती. माणसं चालताचालता पायातली ताकद जाऊन पडत होती, काहींना व्हेंटिलेटर लागला, काही गेली. तपासणीत दूषित पाण्याकडे बोट गेलं. तेव्हा लोकांना पहिल्यांदा कळलं की इथल्या मोठ्या वस्तीला पाणी एका विहिरीतून येतं, विहिरीत धरणाचं पाणी येतं आणि मधे जलशुद्धीकरण केंद्रच नाही. क्लोरिन टाकायचं आणि पुढे सोडायचं. धरण डोळ्यांसमोर, आणि प्यायला शुद्ध केलेलं पाणी नाही.

त्या दिवसांत आमच्या सोसायटीत बायका विचारत होत्या, नगरसेवक कोण आहे आपला? कुणीच नव्हता. आमदारांना फोन, अधिकाऱ्यांना फोन, प्रत्येक जण दुसऱ्याचा नंबर देणार. ग्रामपंचायत असती तर निदान सदस्याच्या दारात जाऊन उभं राहता आलं असतं.

टँकरचं सांगायचं तर, फ्लॅट घेताना बिल्डरने "पालिकेचं पाणी येईपर्यंत आम्ही देऊ" असं हमीपत्र दिलेलं असतं. आमच्या बिल्डरनेही दिलं होतं. सोसायटी स्थापन झाली, ताबा दिला, माणूस गेला. आता उन्हाळ्यात देखभाल खर्चातला सगळ्यात मोठा आकडा टँकरचा असतो. मिळकतकर भरायचा, पाणी विकत घ्यायचं आणि वरून त्या टँकरचं पाणी कुठून भरलंय याची धाकधूक.

---

उद्योगनगर

दोन्ही पोस्ट वाचल्या. त्रास खरा आहे. तरी दुसरी बाजू मांडतो, कारण अशा चर्चा "नवीन बांधकाम थांबवा" इथे येऊन थांबतात.

पुण्यात माणसं विकास आराखडा (शहरात काय कुठे बांधायचं ते) वाचून येत नाहीत, काम आहे म्हणून येतात. हिंजवडी, खराडी, चाकण, रांजणगाव इथे रोजगार आहे तोवर येणारच. आराखड्यात घरं धरली नाहीत तर ती गुंठेवारीत, म्हणजे जमिनीचे बेकायदा तुकडे पाडून, होतील. धायरी, नऱ्हे, आंबेगाव इथे सहा फुटी बोळात सात मजली इमारती महापालिकेने उभ्या केल्या का? गावं बाहेर होती तेव्हाच झाल्या. उशिरा का होईना, हद्दीत घेणं योग्यच होतं. आणि प्रशासकाच्या काळात अनेक रखडलेली कामं मार्गी लागली हेही मान्य करा. समान पाणीपुरवठा योजनेचंच बघा. २०१७ मध्ये कर्जरोखे काढून सुरू झाली, मीटर बसवायला सगळ्यात जास्त विरोध निवडून आलेल्यांनीच केला.

पाण्यासाठी बांधकाम बंदी घातली तर घरांच्या किमती वाढतील आणि त्याचा फटका पहिलं घर घेणाऱ्याला बसेल. आज ज्यांच्याकडे फ्लॅट आहे त्यांना बंदी परवडते.

---

कालवाटेल

मी इंदापूर तालुक्यातला, नवीन मुठा उजव्या कालव्याच्या शेवटच्या टप्प्यातला शेतकरी. तुम्ही शहरातले एकमेकांशी बोलताय, त्यात आम्हीही आहोत हे सांगायला आलो.

या प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात साठ-बासष्ट हजार हेक्टर जमीन आहे. कागदावर. पूर्वी दोन उन्हाळी आवर्तनं (कालव्याला पाणी सोडायच्या पाळ्या) मिळायची. आता एक मिळालं तरी आधी पिण्याच्या पाण्याच्या योजनांचे तलाव भरतात, मग वरचे पंप, मग चाऱ्या (छोटे पाट), मग आम्ही. पाटकऱ्याला दोष देत नाही, कालव्यात पाणीच नसेल तर तो काय करणार? कालवा सल्लागार समितीची बैठक पुण्यात होते. मंत्री असतात, आमदार असतात, अधिकारी असतात. तिथे शहराचं किती आणि शेतीचं किती हे ठरतं आणि आम्हाला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचायला मिळतं.

प्यायच्या पाण्याला आमचा कधीच विरोध नव्हता. माणसाच्या तोंडचं पाणी कोण काढेल? पण उद्योगनगर साहेब, पहिलं घर घेणाऱ्याचा विचार तुम्ही करता तसा ज्याचा ऊस, डाळिंब, चारा जळतो त्याचाही कुणी करायला हवा. शहराच्या आराखड्यावर हरकत घ्यायचा अधिकार आम्हाला आहे का? आमच्या गावाचं नाव त्या नकाशात नाही, आमचं पाणी मात्र आहे.

दुसरं. पालिका जे वापरून सोडते तेही आमच्याकडेच येतं. मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून उजनीत. उजनीचं पाणी सोलापूर शहर पितं.

---

निवृत्त_उपअभियंता

कालवाटेल यांनी शेवटी लिहिलेला मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्यावर बोलणं सगळ्यात कमी होतं. सेवेत असताना पाण्याचे हिशेब पुष्कळ केले, म्हणून थोडं आकड्यांत लिहितो.

दरडोई दिवसाला १३५ लिटर हे शहरांसाठीचं मान्य प्रमाण. वर्षाचे झाले ४९,२७५ लिटर. १ टीएमसी म्हणजे साधारण २,८३२ कोटी लिटर. म्हणजे १० लाख माणसांना घरापर्यंत पोचलेलं पाणी १.७४ टीएमसी लागेल. पण घरापर्यंत पोचायच्या आधी पुण्यात बरंच पाणी जिरतं. गळती ३५ ते ४० टक्के असल्याचं पालिकाच सांगत आली आहे. ३५ धरली तरी धरणातून उचलावे लागतील २.६८ टीएमसी. वर मुठाकाठ यांनी भामा आसखेडचा कोटा दिलाय, २.६७. दहा लाख माणसं वाढली की एक अख्खा भामा आसखेड संपला. ती योजना मंजुरीपासून नळापर्यंत यायला किती वर्षं लागली आणि धरणग्रस्तांच्या पुनर्वसनावरून काम कितीदा बंद पडलं, हे त्या भागातल्या कुणालाही विचारा.

नवीन धरणाला जागा नाही. मुळशीतून पाणी आणायची मागणी वर्षानुवर्षं होते आहे. ते पाणी टाटांच्या वीजप्रकल्पासाठी पश्चिमेला वळवलेलं. त्याच धरणासाठी शंभर वर्षांपूर्वी मावळ्यांची शेतं बुडाली, सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. ते पाणी आज ना उद्या पुण्याला मिळेलही, पण करार झालेला नसताना त्याच्या भरवशावर मजले चढवणं मला पटत नाही.

राहिले दोन मार्ग. एक गळती थांबवणं. दुसरा सांडपाणी. पालिकेने ६.५ टीएमसी प्रक्रिया केलेलं पाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसायच्या विहिरीतून) शेतीच्या जुन्या बेबी कालव्यात सोडायचं आणि त्या बदल्यात धरणातलं जास्त पाणी वापरायचं, अशी मूळ कल्पना. कल्पना उत्तम. प्रक्रिया पूर्ण झाली तर शेतकऱ्याला बारमाही पाणी मिळेल. पण शहराच्या सांडपाण्याचा मोठा हिस्सा अजून अर्धवट प्रक्रियेने किंवा तसाच नदीत जातो. जपानच्या मदतीने ११ मैलापाणी केंद्रं बांधायचा प्रकल्प २०१६ पासून चालू आहे आणि दरम्यान गावं वाढली, त्यांच्या सांडपाण्याचा हिशेब वेगळाच. बेबी कालव्याच्या काठचे लोक विहिरींना वास येतो म्हणतात.

खडकवासला ते फुरसुंगी बोगदा झाला की कालव्यातलं बाष्पीभवन आणि चोरी वाचेल, तोही फायदा आहे. पण वाचलेलं पाणी शेतीला द्यायचं की नव्या इमारतींना, हे आजच लिहून ठेवायला हवं. नंतर कुणी ऐकणार नाही.

---

तळजाई

उपअभियंता काका, तुमची ही पोस्ट धाग्याच्या सुरुवातीला चिकटवता आली तर बरं होईल. इतकं सोपं करून कुणी सांगत नाही.

---

नकाशावाचक

नगररचनेत काम करते, कायद्याचं थोडं सांगते.

विकास आराखडा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली होतो. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांना हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. मग नियोजन समिती सुनावणी घेते. तिच्यात स्थायी समितीचे सदस्य आणि शासनाने नेमलेले तज्ज्ञ असतात. मग आराखडा शासनाकडे, अंतिम मंजुरी शासनाची. यात लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाचा वाटा आधीच पातळ आहे. प्रशासक असला की तोही जातो. आराखडा करणारा, सुचवलेले बदल स्वीकारणारा आणि शासनाकडे पाठवणारा असे सगळे सरकारनेच नेमलेले. नियोजन पीएमआरडीएसारख्या प्राधिकरणाकडे असेल तर पालिकेत निवडून आलेले बाहेरच राहतात.

त्याच कायद्यात आराखड्यात काय असावं याची यादी आहे, पाणीपुरवठाही आहे. पण प्रत्यक्षात त्याचा अर्थ टाकीसाठी आणि जलशुद्धीकरण केंद्रासाठी जागेचं आरक्षण इतकाच घेतला जातो. टाकी कुठे हे नकाशात दिसतं. टाकीत पाणी कुठून येणार, त्याचा करार कुणाशी, कधीपर्यंत, हे दाखवण्याचं बंधन नाही. उपअभियंता सरांनी केलेला गुणाकार आराखड्याच्या अहवालात सापडतो. त्याच्या पुढची पायरी सापडत नाही.

पीएमआरडीएच्या आराखड्याची गोष्ट तर सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी. २०१५ मध्ये प्राधिकरण झालं, आठशेच्या वर गावं. २०२१ मध्ये प्रारूप आराखडा प्रसिद्ध केला. ६० हजारांहून जास्त हरकती आल्या. राज्यघटनेच्या कलम २४३ झेडई प्रमाणे महानगर नियोजन समिती असावी लागते आणि तिचे दोनतृतीयांश सदस्य नगरसेवक आणि पंचायतींच्या अध्यक्षांमधून निवडून यावे लागतात. ती समिती झाली, पण आराखड्यात तिला विचारलं नाही म्हणून तिच्यातलेच सदस्य उच्च न्यायालयात गेले. शेवटी २०२५ मध्ये सरकारने तो आराखडाच रद्द केला. इतक्या वर्षांचं काम, इतक्या लोकांनी कामधंदा सोडून दिलेल्या हरकती, सगळं बाजूला. आणि या सगळ्या काळात बांधकाम परवानग्या एक दिवसही थांबल्या नाहीत. डिसेंबर २०२० पासून राज्यभर लागू असलेल्या एकत्रित नियमावलीवर त्या मिळत राहिल्या.

---

मुठाकाठ

न्यायालयाचा विषय निघालाच आहे तर : २०१६ मध्ये बाणेर-बालेवाडीत पाणी नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने तिथल्या नव्या बांधकाम परवानग्या रोखल्या होत्या. २०२३ मध्ये वाघोली आणि इतर भागांतल्या सोसायट्यांच्या संघटना याचिका घेऊन गेल्या, तेव्हा न्यायालयाने विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. म्हणजे पालिकेच्या सभागृहात जो प्रश्न मांडायचा तो लोकांना वकील लावून न्यायालयात मांडावा लागतो. ज्यांच्याकडे वकिलाचे पैसे नाहीत त्या वस्त्यांचं पाणी कोण मागणार?

उद्योगनगर, तुमचा किमतीचा मुद्दा मी टाळत नाही. पण टँकरचा खर्च आज घरखरेदीच्या किमतीत दिसत नाही, दहा वर्षं हप्त्याहप्त्याने वसूल होतो. स्वस्त दिसणारं घर स्वस्त नसतं. आणि गुंठेवारीचं म्हणाल तर हद्दीत येऊनही ती थांबलेली नाही.

---

धायरीचा_जुना

उद्योगनगर म्हणतात ते अर्धं खरं आहे, गावातला माणूस म्हणून सांगतो. ग्रामपंचायतीने बेसुमार बांधकामं होऊ दिली. सरपंच, सदस्य, जमीनमालक, बिल्डर सगळे एकाच पंगतीला. ग्रामसभा कायद्याने वर्षाला चार, पण कोरम नाही म्हणून तहकूब व्हायच्या. गाव म्हणजे लोकशाहीचं मंदिर होतं असं कुणी सांगू नये.

तरी एक गोष्ट होती. ग्रामसभेत म्हातारा माणूस उठून "विहिरीजवळच्या गटात कुणाला परवानगी दिली?" असं विचारू शकायचा आणि सरपंचाला मान खाली घालून का होईना, उत्तर द्यावं लागायचं. ते इतिवृत्तात यायचं. पाण्याची चावी कुणाच्या हातात आहे हे माहीत असायचं. एका ग्रामपंचायतीत सात ते सतरा सदस्य. आता २०११ च्या लोकसंख्येवर प्रभाग पाडले, ३४.८१ लाख माणसांना १६५ नगरसेवक, म्हणजे एकामागे एकवीस हजार. प्रत्यक्षातली माणसं तर किती वाढली आहेत. त्यात चार-चार जणांचा प्रभाग. आंबेगाव-कात्रजला तर पाच. पाणी आलं नाही की एक म्हणतो, ते काम दुसऱ्याकडे आहे.

आम्हाला पंचायत परत नको. आमच्या गावात उठून प्रश्न विचारायची जागा परत हवी.

---

कॅमवरून

मी मूळची सातारची, बरीच वर्षं इंग्लंडमध्ये केंब्रिज भागात राहते. इथलं प्रकरण इतकं जवळचं आहे की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

केंब्रिज हा इंग्लंडच्या कोरड्या भागातला प्रदेश. पाणी खडूच्या खडकातल्या भूजलातून उपसतात आणि त्यावरच इथले छोटे स्वच्छ ओढे जगतात. २०२३ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलं की इथे मोठी वाढ करायची, वर्षाअखेरीस दीड लाख नव्या घरांचा आकडा आला. स्थानिक परिषदांचा स्वतःचा आराखडा चालू असताना हे लंडनहून आलं, म्हणून इथे मोठी नाराजी झाली. सरकार बदललं, तरी वाढीचा आग्रह कायम आहे.

पण फरक एका गोष्टीत आहे. इथल्या पर्यावरण संस्थेला बांधकाम अर्जावर मत देण्याचा कायदेशीर अधिकार आहे. तिने अनेक मोठ्या गृहप्रकल्पांना लेखी हरकत घेतली, कारण एवढ्या घरांसाठी पाणी उपसलं तर ओढ्यांचं नुकसान होईल. त्यामुळे प्रकल्प अडले, सरकारला पाणीबचत आणि बाहेरून पाणी आणण्याच्या योजनांवर बोलावं लागलं. पुण्यात अशी हरकत कोण घेऊ शकतं?

---

उद्योगनगर

आणि शेवटी त्यातल्या काही प्रकल्पांना वरून मंजुरी मिळालीच ना? वर्तमानपत्रात वाचल्याचं आठवतं. संस्था हरकत घेते, मंत्री परवानगी देतो. मग त्या अधिकाराचा उपयोग काय?

---

कॅमवरून

हो, २०२४ मध्ये मिळाली. पण मंजुरी देताना मंत्र्याला लेखी कारण द्यावं लागतं, पाण्याचा आक्षेप का बाजूला ठेवला ते. ते कागद सगळ्यांना वाचायला मिळतात आणि पुढच्या भांडणात वापरता येतात. हरकत आणि तिचं उत्तर दोन्ही नोंदवलेलं असणं याला मी कमी लेखणार नाही.

---

निवृत्त_उपअभियंता

कॅमवरून यांच्या प्रश्नाचं उत्तर : पुण्यात अशी हरकत कायद्याने सक्तीची नाही. जलसंपदा विभाग पालिकेला पत्र लिहितो, कोट्यापेक्षा जास्त पाणी उचलल्याचं सांगतो, दंडाच्या दराने बिल लावतो. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण २००५ च्या कायद्याने झालं, खालचे शेतकरी पुण्याच्या जादा वापराविरुद्ध तिथेही गेले. पण हे सगळं पाणी उचलून झाल्यावर. एफएसआय वाढवण्याच्या अधिसूचनेआधी "या धरणात एवढं पाणी शिल्लक आहे का" असं विचारणारी पायरीच नाही. ती पायरी आणली तर बांधकाम बंदीची वेळच येणार नाही. उद्योगनगर, तुम्हालाही ती सोयीची आहे. आज न्यायालयाची बंदी येते ती अचानक, पैसे भरून बसलेल्यांच्या डोक्यावर.

---

उद्योगनगर

हे मान्य. पाण्याचा स्रोत आणि वर्ष लिहिल्याशिवाय नवी घनता मंजूर करायची नाही, असा नियम असेल तर बांधकाम व्यवसायातल्याही प्रामाणिक लोकांना तो हवा असेल. माझा विरोध सरसकट बंदीला आहे.

---

मांजरी_बु

वाचतोय सगळं. आमच्या प्रभागात चार जण निवडून आलेत, चौघंही भेटतात अजून. त्यांच्याकडे नेमकं काय मागायचं? "पाणी द्या" म्हटलं की टँकर पाठवतात.

---

नकाशावाचक

मांजरी_बु, टँकरवर समाधान मानू नका. धायरीचा_जुना यांनी मागितलेली जागा कायद्यात आहे. महापालिका अधिनियमात २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद आली, कलम २९ ब पासून पुढे वाचा. एक किंवा काही मतदान केंद्रांचं मिळून एक क्षेत्र, त्यातला प्रत्येक मतदार सभासद, नगरसेवकाने सभा घ्यायची. शहरातली ग्रामसभाच. केंद्राच्या जेएनएनयूआरएम (शहर नूतनीकरण योजना) निधीची अट म्हणून कायदा केला आणि मग क्षेत्रं ठरवायचंच राहिलं. चौघांकडून एवढंच लेखी घ्या की क्षेत्रं निश्चित करण्याचा ठराव ते मुख्य सभेत मांडतील. ठराव एकाने मांडला, दुसऱ्याने अनुमोदन दिलं तरी कामकाजात येतो, मग कोण बाजूने आणि कोण विरोधात हे इतिवृत्तात राहतं.

दुसरी मागणी पाण्याच्या ताळेबंदाची. पालिका दरवर्षी जलसंपदा विभागाला पाण्याचं अंदाजपत्रक सादर करते. ते आधी मुख्य सभेत यावं आणि प्रभागवार फोडून संकेतस्थळावर टाकावं : धरणातून किती उचललं, शुद्धीकरण केंद्रातून किती निघालं, प्रभागाला किती पोचलं, टँकरच्या किती फेऱ्या, किती सांडपाणी प्रक्रिया होऊन मुंढव्याला गेलं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ खाली हे स्वतःहून प्रसिद्ध करणं अपेक्षितच आहे.

तिसरी वरची, उपअभियंता सर आणि उद्योगनगर दोघांना मान्य असलेली. आराखडा, नगररचना योजना किंवा वाढीव एफएसआयच्या प्रत्येक प्रस्तावाबरोबर पाण्याचा स्रोत, प्रमाण आणि वर्ष यांचं जलसंपदा विभागाचं लेखी पत्र जोडलेलं असावं. नसेल तर मुख्य सभेने तो प्रस्ताव परत पाठवावा. कायदा बदलणं विधानसभेच्या हातात आहे, पण शिफारस न करता प्रस्ताव परत पाठवायला सभागृहाला कुणी अडवलेलं नाही.

---

कालवाटेल

त्या पत्रात आणखी एक ओळ घाला. हे पाणी आज कोण वापरतंय आणि त्याला बदल्यात काय मिळणार, तेही लिहावं. बोगद्याचं वाचलेलं पाणी असो की मुंढव्याचं. आमच्या बाजूच्या पाणीवापर संस्थांकडून तशाच मजकुराचं पत्र पालिकेला आणि कालवा समितीला द्यायला मी लोकांशी बोलतो. शहरातून आणि टेलवरून एकच मागणी गेली तर तिचं वजन वेगळं होईल. आजवर आम्हाला एकमेकांविरुद्धच उभं केलं आहे.

---

नऱ्ह्याची_सून

कालवाटेल भाऊ, तुमची ओळ घालूनच आमच्या सोसायटीत मांडते. रविवारी शेजारच्या सोसायट्यांचीही बैठक आहे. नकाशावाचक ताई, एक पानी मसुदा करून द्याल का? साध्या भाषेत, म्हणजे सही करणाऱ्या बायकांना कळेल कशावर सही करतोय. आणि क्लोरिन टाकून पाणी सोडण्याऐवजी शुद्धीकरण केंद्र कधी होणार, त्याची तारीख हीच पहिली मागणी असू दे, निदान आमच्या भागाच्या पत्रात.

---

नकाशावाचक

शुक्रवारपर्यंत इथेच टाकते. कलमांचे क्रमांक खाली छोट्या अक्षरात देईन, वर फक्त मागण्या. नऱ्हे-नांदेडच्या पत्रात शुद्धीकरण केंद्र पहिलं, मांजरीच्या पत्रात क्षेत्रसभा पहिली. उपअभियंता सर, दहा लाख माणसांचा तो हिशेब मागच्या बाजूला छापला तर चालेल ना?

---

निवृत्त_उपअभियंता

जरूर छापा. शेजारी रिकामी जागा ठेवा, प्रत्येक प्रभागाने आपली लोकसंख्या घालून तो स्वतः करून बघावा. गळतीचा आकडा पालिकेकडून लेखी मागून घ्या.